ज्यू माणूस कधी पाहिला नाही, तरी मत ठाम: वर्गात पूर्वग्रहाबद्दल कसं बोलावं?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. नववी-दहावीच्या मुलांसाठी पूर्वग्रह या विषयावर दोन तासिका घ्यायच्या आहेत. शाळा लातूर जिल्ह्यातली, वर्गात चाळीस मुलं, जातीधर्मानं सरमिसळ. सुरुवात ज्यूद्वेषापासून करायचा विचार आहे, कारण इतका जुना आणि इतका कागदोपत्री नोंदलेला द्वेष क्वचितच सापडेल. अडचण अशी की मुलांनी ज्यू माणूस पाहिलेला नाही, तरी 'ज्यू म्हणजे पैसेवाले, आतल्या गाठीचे' हे त्यांना पाठ आहे. कडक शिक्षकाला 'हिटलर' म्हणतात आणि त्यात कौतुकच जास्त असतं. इतिहास कुठवर सांगावा, आपल्याकडच्या गोष्टींशी जोडावा का, आणि काय टाळावं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

गोदातीर
सर, ज्याला तुम्ही अडचण म्हणताय तिथूनच सुरुवात करा. इंग्लंडच्या राजानं १२९० मध्ये ज्यूंना देशाबाहेर काढलं. उघडपणे ज्यू म्हणून राहायची मोकळीक त्यांना थेट १६५६ पासून मिळत गेली. शेक्सपिअरनं 'मर्चंट ऑफ व्हेनिस' या नाटकात शायलॉक हा ज्यू सावकार रंगवला तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे या दोन सनांच्या मधे. नाटक बघायला आलेल्या बहुतेकांनी ज्यू म्हणून उघड वावरणारा माणूस पाहिलेलाच नव्हता. तरी हावरट सावकार म्हटलं की तो असाच, हे त्यांना पटलं. माणूस भेटला नाही म्हणजे मत बनत नाही असं नाही. उलट भेटला नाही म्हणूनच ते मत गुळगुळीत राहतं, त्याला खरचटायला काही मिळत नाही.

सावकारीचं कोडं फळ्यावर सोडवून दाखवा. मध्ययुगीन युरोपात बऱ्याच ठिकाणी ज्यूंना शेतजमीन धरता येत नव्हती. कारागिरांचे संघ ख्रिस्ती धर्माला बांधलेले, तिथं प्रवेश नाही. ख्रिस्ती माणसानं व्याज घ्यायला चर्चची मनाई. राजाला मात्र कर्ज हवं. चारी दारं लावून एक खिडकी उघडी ठेवली, आणि मग 'हे लोक खिडकीतूनच का येतात' म्हणून बोटं दाखवली. चर्चच्या १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेनं ज्यूंनी वेगळा ओळखू येईल असा पोशाख करावा असा नियम केला, म्हणजे बोट दाखवणंही सोपं झालं. पुढे पूर्व युरोपात ज्यूंची जी मोठी वस्ती होती ती शिंपी, मोची, फेरीवाले अशा गरिबांची होती. त्यांच्यावर कुणी नाटक लिहिलं नाही.

आणि एक तारीख वर्गात नक्की सांगा: १४ फेब्रुवारी १३४९, स्ट्रासबुर्ग. युरोपात प्लेग पसरत होता आणि ज्यूंनी विहिरींत विष टाकलं अशी आवई उठली होती. त्या दिवशी शहरातल्या शेकडो ज्यूंना जाळून मारलं. प्लेग तेव्हा स्ट्रासबुर्गात पोचलाही नव्हता! मेलेल्यांकडून घेतलेली कर्जं रद्द झाली, त्यांची रोकड वाटून घेतली गेली. खुद्द पोप क्लेमेंट सहावा १३४८ मध्येच फर्मानं काढून सांगत होता की या साथीत ज्यूही मरताहेत, मग ते विष कसं कालवतील. ऐकलं नाही कुणी. पुरावा कुठं आहे आणि फायदा कुणाला झाला, हे दोन प्रश्न या एका प्रसंगातून मुलांच्या हातात देता येतात.

पुढचा टप्पा लहान ठेवा. १८७९ मध्ये विल्हेल्म मार या जर्मन पत्रकारानं 'अँटिसेमिटिझम' (ज्यूद्वेष) हा शब्द रूढ केला. आधीचा द्वेष धर्माचा होता, बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालं तर सुटकेची वाट तरी असायची. नव्या विचारानं तो रक्तात नेला. जन्मानंच ठरलं म्हटल्यावर वाट बंद. हा फरक समजवायला आपल्याकडच्या मुलांना वेगळं उदाहरण द्यावं लागत नाही.

सिंदफणा
गोदातीर, इतिहास पटला. पण पोरं काय ईचारतील ते सांगतो. "सर, सावकार लुबाडतेत का नाही?" ज्यांची जमीन सावकारानं लिहून घेतली त्या घरातली लेकरं त्याच वर्गात बसलेली असतेत. त्यांना 'हा नुस्ता साचा आहे' म्हणलं तर पुढचं ते कामून ऐकतील?

तेरणा
सिंदफणा, प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. उत्तर कायद्याच्या भाषेत द्या, मुलांना ते जास्त पटतं. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची. अर्जात काय लागतं? सावकाराचं नाव, रक्कम, तारीख, व्याजाचा दर, कोरे धनादेश किंवा मुद्रांक घेतले असतील तर त्यांचा तपशील, जमीन गेली असेल तर खरेदीखत. त्या अर्जात जातीचा रकाना नाही. अमक्या माणसानं शेकडा दहानं महिन्याचं व्याज लावलं, ही तक्रार झाली. 'अमक्या समाजाचे लोक लुटारू' याची चौकशी करायला कुठलाच अधिकारी जाऊ शकत नाही, कारण त्यात तपासण्यासारखं काही नसतं. शिवाय समाजाला शिव्या घातल्या की खरा गुन्हेगार गर्दीत लपतो. पिळणारा सावकार कुठल्याही समाजाचा असतो, शेतकऱ्याच्या स्वतःच्या भावकीतलाही असतो. साच्यातून बघणाऱ्याला तो दिसतच नाही.

सिंदफणा
हे बरं सांगितलं. अर्जाचा नमुनाच पोरांसमोर ठेवावा मंग.

करडई
ज्यू म्हणजे परदेशी, गोरे, श्रीमंत हे चित्र मोडायला अलिबाग पुरेसं आहे. बेने इस्रायल समाज कोकणात शतकानुशतकं राहिला, मराठी बोलला, तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. आडनावं गावांवरून: दिवेकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर. लातूर भागातल्या मुलांना घाणा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. फक्त डोळ्यांसमोर आणायला सांगा: लाकडी घाणा, जू उतरवून सोडलेला बैल, आणि शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागल्यापासून थांबलेलं काम.

मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनास्थळ १७९६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलं. बोलीभाषेत हे लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत. नवस फेडताना किंवा शुभकार्यात ते मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ किंवा साखर, वेलदोडा, सुका मेवा आणि भोवती फळं. ताट एलियाहू प्रेषिताच्या नावानं ठेवतात. त्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनंही रचली. मलिद्याचं ताट वर्गात करून दाखवता येईल, चाळीस मुलांना दीड किलो पोहे आणि चार नारळ पुरतात. जाड पोहे असतील तर निथळून दहा मिनिटं ठेवा, पातळ असतील तर नुसतं पाणी शिंपडा, नाहीतर लगदा होतो. आधी कुणाला सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी आहे का ते विचारा.

पुढे पुण्याला शिकायला जाणाऱ्यांना कॅम्पातलं लाल देऊळ दिसेल. ते डेव्हिड ससूननं बांधायला घेतलेलं आणि त्याच्या मृत्यूनंतर १८६७ मध्ये पूर्ण झालेलं सिनेगॉग आहे. ससून घराणं बगदादी ज्यू, बेने इस्रायल नव्हे. दोन्ही समाज वेगळे, आणि बगदादी मंडळी बेने इस्रायलांना बराच काळ कमी लेखत. खुद्द इस्रायलमध्येही तिथल्या धर्मपीठानं बेने इस्रायलांच्या लग्नांवर शंका घेतली होती. आंदोलन झाल्यावर १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं ते सर्व बाबतींत समान असल्याचं जाहीर केलं. हे मुलांपासून लपवू नका. 'ज्यू सगळे एक' हाही एक साचाच आहे. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेही सांगा.

बिंदुसरा
आपल्या देशात ज्यूंना कधीच त्रास झाला नाही, जगात असा हा एकच देश, हेही आवर्जून सांगावं.

गोदातीर
बिंदुसरा ताई, तेवढं सरसकट सांगू नका. इथल्या हिंदू-मुस्लिम शेजाऱ्यांनी त्यांना सुखानं नांदू दिलं हे खरं आणि अभिमानाचं. पण पोर्तुगीजांच्या गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) होतं, ख्रिस्ती म्हणवून गुपचूप ज्यू धर्म पाळणाऱ्यांना ते शिक्षा द्यायचं. गार्सिया द ओर्ता हा वैद्य ज्यू वंशाचा. त्यानं भारतीय औषधींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला. तो अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडेही वैद्य म्हणून जात असे. मराठवाड्यातला परांड्याचा किल्ला ज्या निजामशाहीत होता तीच ही. ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्या वर्षी याच न्यायालयाच्या शिक्षेनं त्याच्या बहिणीला जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळली. आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईतलं नरिमन हाउस निवडलं गेलं ते तिथं ज्यू केंद्र होतं म्हणूनच.

बिंदुसरा
दुरुस्ती मान्य. गार्सियाची गोष्ट ठाऊक नव्हती.

दुधना
आता वर्गाचं बोलू, कारण चांगला मजकूर चुकीच्या पद्धतीनं दिला की उलटा बसतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'कुठल्या समाजाबद्दल काय काय म्हणतात ते सांगा' म्हणून मुलांकडून फळा भरून घेणं. पाच मिनिटांत फळ्यावर शिव्यांची यादी होते, आणि ज्याच्याबद्दल ती आहे ते मूल तिसऱ्या बाकावर मान खाली घालून बसलेलं असतं. नंतर तुम्ही कितीही खोडलं तरी वर्गाला यादीच आठवते. दुसरी चूक म्हणजे अर्ध्या वर्गाला 'कमी दर्जाचे' ठरवून दिवसभर तसं वागवण्याचा प्रयोग. अमेरिकेत १९६८ मध्ये एका शिक्षिकेनं डोळ्यांच्या रंगावरून तो केला म्हणून प्रसिद्ध आहे. प्रशिक्षण आणि पालकांची संमती नसताना आपल्याकडे करू नये. जी मुलं रोज हे भोगतात त्यांना त्याची तालीम कशाला? तिसरी चूक: मुसलमान किंवा पारधी मुलाला 'तुमच्याकडे कसं असतं सांग' म्हणून उभं करणं. तो समाजाचा वकील म्हणून शाळेत आलेला नाही. नाझी छळछावण्यांतले प्रेतांचे फोटोही नकोत. मुलं घाबरतात किंवा बधिर होतात, शिकत नाहीत.

सुरुवात मुलांवर मारल्या जाणाऱ्या शिक्क्यापासून करा. 'लातूर पॅटर्नची पोरं नुसती घोकंपट्टी करतात.' 'मराठवाड्याचे ना, दुष्काळी.' २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेवढ्यावरून आजही टोमणा मारला जातो. वाक्य फळ्यावर लिहा आणि त्यातला 'सगळे', 'ही लोकं', 'असतातच' असा शब्द मुलांना अधोरेखित करायला लावा. मग तीन प्रश्न: कुणी मोजलं? न बसणारं उदाहरण दिसलं तर आपण काय म्हणतो? असं मानल्यानं कुणाचं सोपं होतं? दुसऱ्या प्रश्नावर जरा थांबा. 'तो अपवाद आहे' हे उत्तर येतंच, आणि साचा टिकतो तो याच वाक्यावर.

मोजण्यासाठी एक पक्कं उदाहरण. पहिल्या महायुद्धात 'ज्यू आघाडीवर जायचं टाळतात' अशी ओरड झाली म्हणून जर्मन सैन्यानं १९१६ मध्ये ज्यू सैनिकांची शिरगणती केली. आकडे युद्ध चालू असताना जाहीरच केले नाहीत. सुमारे एक लाख ज्यू त्या सैन्यात होते, त्यांतले बारा हजार मेले. आरोप मात्र राहिला. हिटलर सत्तेवर आला त्या १९३३ मध्ये जर्मनीत ज्यू शंभरात एकही पुरते नव्हते.

मग चिठ्ठ्या. चाळीस मुलांचे पाचाचे आठ गट. प्रत्येक गटात पाच वेगळ्या चिठ्ठ्या: सावकारीची खिडकी, स्ट्रासबुर्ग, रक्ताचा सिद्धांत ते नाझींचे १९३५ चे ज्यूविरोधी न्यूरेंबर्ग कायदे, बेने इस्रायल, आणि राईनपाडा २०१८. एकच चिठ्ठी मिळालेली मुलं आधी चार-चार जणांत बसून ती समजून घेतात, दहा मिनिटं. मग आपापल्या गटात परत येऊन ती इतरांना सांगतात, पंधरा मिनिटं. अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये १९७१ ला शाळांतला वर्णभेद मोडताना एलियट अ‍ॅरन्सननं ही पद्धत बसवली. ती चालते कारण प्रत्येकाकडे असं काही असतं जे इतरांना हवंय. चिठ्ठी शंभर-सव्वाशे शब्दांवर गेली की मुलं सांगायचं सोडून वाचून दाखवतात आणि सगळं फसतं. गट तुम्ही पाडा, मुलांवर सोडू नका, नाहीतर ते गल्लीप्रमाणे पडतात.

मांजराकाठ
राईनपाड्याची चिठ्ठी यात कशी बसते? ते अफवेचं प्रकरण ना?

गोदातीर
तेच तर बसतं. युरोपात ११४४ मध्ये इंग्लंडमधल्या नॉरविचला एक मुलगा मेलेला सापडला आणि ज्यूंनी तो धर्मविधीसाठी मारला असा आरोप रचला गेला. तो पुढं शतकानुशतकं गावोगाव फिरला, दरवेळी कुठलं तरी हरवलेलं मूल आणि जवळ राहणारे परके लोक. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजारात आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठार मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं. आईबापाच्या मनातली सगळ्यात खोल भीती आणि ज्याच्या बाजूनं बोलायला गावात कुणी नाही असा माणूस, या दोन गोष्टी एकत्र आल्या की हे घडतं. त्या दिवसांत फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीतल्या संस्थेनं बालसुरक्षेसाठी केली होती. दुचाकीवरचे दोघं मूल उचलतात, शेवटी परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला.

सिंदफणा
यात आपल्याकडचे पारधी पण आले पाहिजेत. चोरी झाली की पहिली झडती त्यांच्या पालावर. १८७१ च्या इंग्रजांच्या कायद्यानं जातीच्या जाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, तो शिक्का कागदावरून १९५२ ला गेला. लोकांच्या तोंडातून गेला का? तो जर्मन विल्हेल्म मार म्हणला रक्तात हाय, इंग्रज म्हणला रक्तात हाय. साल पण जवळपास तेच.

दुधना
अगदी खरं, आणि या जोडीसाठी चिठ्ठीत जागा करा. एक मात्र सांभाळा. शिक्क्यापायी पुण्यात खोली नाकारणं, पालावरची झडती आणि नाझींनी साठ लाख ज्यूंची ठरवून केलेली हत्या एका मापात घालू नका. यंत्र सारखं आहे, परिणाम सारखा नाही. 'प्रत्येकालाच काही ना काही सोसावं लागतं' असं वर्गाचं मत झालं तर सगळ्यात जास्त सोसणारा पुन्हा गप्प बसतो.

बिंदुसरा
गाझाबद्दल मुलं विचारणारच. शिक्षकांनी बाजू घ्यावी का?

गोदातीर
इस्रायल सरकारवर टीका करणं हा ज्यूद्वेष नाही. कुठल्याही सरकारवर करतात तशी धोरणाचं, कृतीचं, मंत्र्याचं नाव घेऊन करता येते. तिथले कित्येक ज्यू नागरिक स्वतः करतात. ओळख अशी: वाक्यातून 'सरकार' शब्द गळून 'ज्यू' आला, की थांबा. अलिबागच्या म्हातारीला तिथल्या बॉम्बचा जाब विचारला, की थांबा. रक्त, पैसा, जगावर ताबा हे जुनेच आरोप नव्या बातमीला चिकटवले, की थांबा. आणि उलट बाजूनं, 'इस्रायलकडून शिका, आपल्याकडच्यांनाही असंच करा' म्हणत मुसलमान शेजाऱ्यांकडे बोट दाखवलं तर तेही तिथंच थांबवायचं. गाझात मेलेल्या लेकरांबद्दल वाईट वाटणं कुणाच्या विरोधात नसतं, हे मुलांना स्पष्ट सांगा.

गुप्त ज्यू टोळी जग चालवते हा फॉरवर्ड आला तर त्याचं मूळ सांगा. 'झिऑनच्या वडीलधाऱ्यांचे प्रोटोकॉल्स' म्हणून जो मजकूर फिरतो तो १९०३ मध्ये एका रशियन वर्तमानपत्रात आला. १९२१ मध्ये लंडनच्या टाइम्सनं ओळींशेजारी ओळी ठेवून दाखवलं की तो १८६४ च्या एका फ्रेंच पुस्तकावरून चोरलाय. ते पुस्तक फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्याविरुद्ध होतं, त्यात ज्यूंचा कट नव्हताच.

तेरणा
मुलांना प्रत्यक्ष काय बोलायचं तेही द्या. प्रसंगी शब्द सुचत नाहीत म्हणून चांगली माणसं गप्प बसतात. घरच्या ग्रुपवर: "काका, हे कुठल्या तारखेचं आहे? कुठल्या पोलीस ठाण्यात नोंद आहे?" एवढंच, एकदाच, सगळ्यांसमोर. बाकीचं काकांना फोनवर. सगळ्यांसमोर लांब वाद घातला की काका मागं हटत नाहीत. खोटं खोडताना आधी खरी गोष्ट, मग अफवा एका ओळीत, परत खरी गोष्ट. मूळ फॉरवर्ड पुन्हा चिकटवायचा नाही. दोन बाण आणि 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेले' असं दिसलं म्हणजे तो मजकूर किमान पाच हातांतून आलाय. जमाव जमताना दिसला तर मुलांनी मधे पडायचं नाही, ११२ लावायचा, ठिकाण सांगायचं.

कायद्यात भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ समाजासमाजांत वैर पसरवण्याबद्दल आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तक्रारीसाठी स्क्रीनशॉटवर क्रमांक, तारीख, वेळ दिसू द्या आणि मूळ संदेश फोनमधून पुसू नका. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. ठाण्यात नोंद घेतली नाही तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांना. पारधी अनुसूचित जमातीत येतात, त्यांना अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. डवरी गोसावी भटक्या जमातीत आहेत, त्यांना होत नाही. ग्रुप अ‍ॅडमिन दुसऱ्याच्या पोस्टला आपोआप जबाबदार ठरत नाही असं नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय, पण सदस्याला काढायचा अधिकार त्याच्या हातात असतो. तो वापरायला कुणाची परवानगी लागत नाही.

मांजराकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या तासिकेत लातूरचा शिक्का, तीन प्रश्न आणि मलिदा. दुसरीत चिठ्ठ्या, पारध्यांची जोड राईनपाड्याच्या चिठ्ठीत. शेवटची दहा मिनिटं काकांना काय म्हणायचं याचा जोडीजोडीनं सराव. चिठ्ठ्यांचा मजकूर रविवारी इथं टाकतो, चुका काढा.

करडई
बेने इस्रायलच्या चिठ्ठीत 'शनवार तेली' शब्दाखाली एक ओळ जोडा सर, की हे धंद्यावरून पडलेलं नाव आहे. नाहीतर तेली समाजाची मुलं घरी जाऊन 'आपण ज्यू का' म्हणून विचारतील. आणि पोहे पातळ आणा, तासिका पस्तीस मिनिटांचीच आहे.